वर्षभर जगापासून लांब राहिलेल्या रमाबाई रानडे पुढे हजारो बायकांचा आधार कशा बनल्या?

घरातलं माणूस गेलं की पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. पाहुणे येतात, पिठलं-भाकरी शेजारून येते, रडणाऱ्याला कुणीतरी कुशीत घेतं. चौदाव्या दिवशी गाड्या निघून जातात, घर शांत होतं आणि खरं दुःख तिथून सुरू होतं.

आज बारामती-इंदापूरच्या एखाद्या घरात अशी वेळ आली, तर मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून समुपदेशकाशी बोलता येतं. त्यासाठी पुण्याला हेलपाटा मारायची गरज नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. समुपदेशन हा शब्दही कुणाच्या कानावर आलेला नव्हता.

त्या काळात ३८ वर्षांची एक बाई विधवा झाली. वर्षभर ती जगापासून लांब राहिली. त्यानंतर बाहेर पडली ती थेट येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलायला.

त्या बाई म्हणजे रमाबाई रानडे. 'उंच माझा झोका' ही मालिका बघितलेल्यांना त्यांचं बालपण आणि संसार माहीत आहे. पण नवरा गेल्यावर त्यांनी काय केलं, हे फारसं सांगितलं जात नाही. खरं तर त्यांच्या आयुष्याचा सगळ्यात मोठा भाग तिथूनच सुरू होतो.

अकरा वर्षांची नवरी, एकतीस वर्षांचा नवरा

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. गाव देवराष्ट्रे, म्हणजे आजचा सांगली जिल्हा. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगावही हेच. रमाबाईंचं माहेरचं आडनाव कुर्लेकर आणि नाव यमुना. घरात मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, त्यामुळे लग्न होईपर्यंत यमुनाला अक्षरओळखही नव्हती.

१८७३ च्या डिसेंबरमध्ये तिचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. ती अकरा वर्षांची आणि ते एकतीस वर्षांचे.

या लग्नामागेही एक दुःख होतं. रानड्यांची पहिली बायको दोनच महिन्यांपूर्वी वारली होती. रानडे विधवाविवाहाच्या बाजूने उघडपणे काम करणारे. आता त्यांनी स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करावं, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांना नेमकी तीच भीती होती. म्हणून त्यांनी घाईघाईने मुलगी शोधली आणि लग्न उरकून टाकलं. रानड्यांना वडिलांचा शब्द मोडता आला नाही. बाहेर टीका झाली आणि मनातून तेही नाराज होते.

पण या नाराजीचा राग त्यांनी त्या लहान मुलीवर काढला नाही. लग्नानंतर लगेच त्यांनी पाटी काढली आणि तिला शिकवायला बसले.

शत्रू बाहेर नव्हता, माजघरात होता

रमाबाईंचं शिक्षण म्हटलं की नवऱ्याने शिकवलं आणि त्या शिकल्या, इतकंच सांगितलं जातं. मधली वर्षं त्यांच्यासाठी फार जड होती.

पुण्यातला रानड्यांचा वाडा माणसांनी भरलेला होता. सासू, सासूच्या नात्यातल्या बायका, नणंद, आश्रित. सुनेने पुस्तक हातात घेणं यातल्या बऱ्याच जणींना आवडायचं नाही. नवऱ्याला खूश ठेवण्यापुरतं शिक, फार मनावर घेऊ नको, असा सल्ला मिळायचा. तो ऐकला नाही की टोमणे, मग अबोला. इंग्रजी सुरू झालं तेव्हा हे आणखी वाढलं.

दिवसभर स्वयंपाकघरात या बायकांबरोबर राहायचं आणि रात्री नवऱ्यासमोर धडा म्हणून दाखवायचा. घरातल्या बायकांना उलट उत्तर द्यायचं नाही, अशी रानड्यांची शिकवण होती. त्यामुळे रमाबाईंचा बराचसा राग आतच राहायचा.

आज याला मानसिक ताण म्हणतात. लग्न करून नव्या घरात आलेल्या, शिकत असलेल्या किंवा नोकरी करणाऱ्या कितीतरी मुली आजही याच ताणातून जातात. रमाबाईंकडे तो हलका करायला एकच माणूस होता, तो म्हणजे नवरा. पुढे हाच माणूस गेल्यावर त्यांची काय अवस्था झाली असेल, ते त्यामुळेच समजतं.

बारामतीच्या सुप्यातली दंगल आणि रानड्यांचा दौरा

आता या गोष्टीत बारामती-इंदापूर कुठे येतं, तेही बघू.

मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी करून शेतसारा ठरवण्याची नवी पद्धत इंग्रजांनी पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात लावली. साल होतं १८३६. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. त्यातच कापसाचे भाव पडले. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकत गेला.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला त्याचा स्फोट झाला. आज बारामती तालुक्यात असलेल्या या बाजारपेठेच्या गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाचे कागद जाळले. इतिहासात हे दख्खनचे दंगे म्हणून नोंदवले गेले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला.

या सगळ्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. त्याची अंमलबजावणी नीट होते की नाही हे गावोगावच्या कोर्टांत जाऊन तपासायचं काम पुढे न्यायमूर्ती रानड्यांकडे आलं. या कामासाठी ते वर्षातले कित्येक महिने दौऱ्यावर असत आणि अनेक दौऱ्यांत रमाबाई सोबत असत.

वाड्यात वाढलेल्या सुनेने असं जग आधी बघितलं नव्हतं. मुक्कामाची गावं, तंबू, बैलगाड्या आणि कर्जाने पिचलेली माणसं. घर चार भिंतींपेक्षा मोठं असतं, याचा पहिला धडा त्यांना या दौऱ्यांनी दिला.

सभेत बोलणारी बाई

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या. त्यांचे आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेले होते, नंतर भाऊ गेला आणि त्याच वर्षी नवराही गेला. कडेवर लहान मुलगी होती. एवढं गमावलेली बाई पुण्यात उभी राहून व्याख्यानं देत होती. त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापन झाला आणि रमाबाई रानडे त्यात जाऊ लागल्या. घरी आल्यावर अर्थातच पुन्हा अबोला.

१८८४ मध्ये मुलींच्या हायस्कूलची मागणी गव्हर्नरसमोर मांडायची होती. रमाबाईंनी ती इंग्रजीतून मांडली. त्याच वर्षी शाळा सुरू झाली. तीच पुण्याची हुजूरपागा.

१८९३ मध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला हललं. तिथे रमाबाईंनी बायकांसाठी क्लब सुरू केला. शिवणकाम, भाषा, प्रथमोपचार असं शिक्षण तिथे मिळायचं. सगळं नीट चाललं होतं.

१६ जानेवारी १९०१

रानड्यांना हृदयाचा त्रास होता. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री मुंबईत त्यांचं निधन झालं. दोन दिवसांनी त्यांना ५९ वं वर्ष पूर्ण होणार होतं आणि नऊ दिवसांनी रमाबाईंना ३९ वं.

रमाबाईंसाठी हे फक्त नवऱ्याचं जाणं नव्हतं. ज्याने पाटीवर पहिलं अक्षर काढायला शिकवलं तो शिक्षक गेला. माजघरातला जाच ज्याच्यापाशी हलका व्हायचा तो सोबती गेला. स्वतःचं मूल नव्हतं. दिवसाची सगळी आखणी त्या एका माणसाभोवती होती.

वर त्या काळचं वैधव्य. कुंकू पुसलं जायचं, लग्नकार्यात बोलावणं बंद व्हायचं, सकाळी समोर आली तरी अपशकुन मानला जायचा. बाई दुःखात असताना समाज तिला तिची जागा दाखवून द्यायचा.

रमाबाई मुंबई सोडून पुण्याला परत आल्या. मंडईजवळच्या वाड्यात राहू लागल्या. जवळपास वर्षभर त्यांनी सगळं सार्वजनिक काम थांबवलं. सभा नाही, भेटी नाहीत.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

दुःखात माणूस असा आत वळतो, हा आजार नाही. जवळचं माणूस गेल्यावर झोप न येणं, कशात मन न लागणं, लोक नको वाटणं हे स्वाभाविक आहे. मात्र काही जणांचं दुःख महिनोन्‌महिने तसूभरही हलत नाही आणि रोजचं जगणंच बंद पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या दुःखाची आता वेगळी नोंद आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरतात आणि त्या समाजात दुखवटा किती चालतो हेही बघतात. अशा वेळी तज्ज्ञाची मदत घ्यायची असते.

रमाबाईंच्या काळात असा तज्ज्ञ नव्हता. त्यांनी स्वतःच वाट काढली.

पहिलं पाऊल तुरुंगाकडे

वर्षभरानंतर रमाबाई बाहेर पडल्या त्या येरवड्याच्या मध्यवर्ती तुरुंगात जायला.

तिथे बायकांचा वेगळा विभाग होता. रमाबाई तिथे अधिकृत भेट देणाऱ्या म्हणून जाऊ लागल्या. कैदी बायकांशी बोलायच्या, त्यांचं ऐकायच्या. त्या बायकांना स्वतःबद्दल पुन्हा थोडा आदर वाटावा, हा त्यामागचा हेतू होता.

तुरुंगातल्या बाईकडे त्या काळी कोण जाणार? घरच्यांनी नाव टाकलेलं असायचं. शिक्षा संपल्यावर जायचं कुठे, हा प्रश्न असायचा. तिच्यासमोर येऊन बसणारी बाई कोण, तर हायकोर्टाच्या न्यायाधीशाची बायको.

सुधारगृहातल्या मुलांकडेही त्या जात. सणाच्या दिवशी त्यांना गोडधोड वाटत, गप्पा मारत. दवाखान्यातल्या रुग्णांसाठी फळं, फुलं आणि पुस्तकं नेत. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं.

म्हणजे ज्या बाईला स्वतःला आधार हवा होता, ती आधार नसलेल्यांकडे जाऊन बसली. ऐकणं, दोष न देणं, पुन्हा पुन्हा जात राहणं हीच तर समुपदेशनाची पहिली पायरी आहे.

सांत्वनाने पोट भरत नाही

पण रमाबाई इथे थांबल्या असत्या, तर फार तर एक दयाळू बाई म्हणून त्यांचं नाव राहिलं असतं.

त्यांच्याकडे राहायला वाडा होता, पैसा होता, ओळखी होत्या, रानडे हे नाव होतं. गावाकडच्या वीस वर्षांच्या विधवेकडे यातलं काय होतं? तिला नुसतं धीर धर सांगून काय होणार? सासरी ती फुकटची मोलकरीण आणि माहेरी ओझं. तिच्या दुःखाचा अर्धा भाग माणूस गेल्याचा होता आणि अर्धा परावलंबनाचा. पहिला वेळेने थोडा हलका होतो. दुसऱ्यावर मात्र हातात काम आणि पैसा आल्याशिवाय उतारा नसतो.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला होता. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढायचं ठरवलं आणि ते रमाबाईंकडे आले. बायकांना शिकवून परिचारिका बनवायचं, असा विचार होता. रमाबाई अध्यक्ष झाल्या.

१९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन सुरू झालं. कुठे? रमाबाईंच्याच वाड्यात. दुःखात जिथे त्या वर्षभर एकट्या बसल्या होत्या, तिथे आता बायकांचे वर्ग भरू लागले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते.

नर्स? आमच्या घरातली बाई?

सगळ्यात अवघड काम नर्सिंगचं होतं. परक्या माणसाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रुग्णाची घाण काढायची आणि रात्री घराबाहेर राहायचं. उच्चवर्णीय घरांना ही कल्पनाच सहन होईना. रमाबाईंनी घराघरांत समजावून मुली आणि विधवा मिळवल्या. ससून रुग्णालयात त्यांच्या शिक्षणाची सोय झाली. सेवासदनाने परिचारिकांसाठी आणि वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहं उभी केली. शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेजही निघालं.

एका वार्षिक समारंभातला प्रसंग प्रसिद्ध आहे. विधवेच्या पारंपरिक वेशातली एक विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली आणि गॅलरीत बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. समारोपाला रमाबाई उठल्या आणि त्यांनी त्या मुलांना भर सभेत फैलावर घेतलं. तुम्ही स्वतःला सुशिक्षित म्हणवता आणि दैवाने मारलेल्या बाईची थट्टा करता, तुमच्याही घरात अशी एखादी बहीण किंवा आत्या असेल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभा गप्प झाली.

वाड्यातले टोमणे मुकाट्याने गिळणारी मुलगी आता दुसऱ्या बाईसाठी उभी राहिली होती.

आठवणी लिहिणं आणि पुढे जाणं

याच धावपळीत रमाबाईंनी आणखी एक काम केलं. १९१० मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखले यांची. लग्नापासून रानड्यांच्या शेवटच्या रात्रीपर्यंतचं सगळं त्यात आहे. एका मराठी बाईने स्वतःच्या संसाराबद्दल इतकं मोकळेपणाने लिहावं, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकीकडे सेवासदन उभं राहत होतं आणि दुसरीकडे त्या पुन्हा त्याच आठवणींत जाऊन बसत होत्या.

हे उलटसुलट वाटेल, पण तसं नाही. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी दुःखाबद्दल एक विचार मांडला. त्यांच्या मते दुःखातला माणूस एका सरळ रेषेत बरा होत नाही. तो दोन टोकांमध्ये ये-जा करतो. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, तर कधी नवीन कामं, नवीन जबाबदाऱ्या, नवीन ओळख यांत लागतो. दोन्ही गरजेचं असतं. नुसतं रडत बसलं तर माणूस अडकतो आणि नुसतं कामात बुडवून घेतलं तर दुःख आत साचत राहतं.

रमाबाईंनी हा विचार वाचला असणं शक्यच नाही. पण त्यांच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. टेबलावर आठवणींची वही आणि बाहेरच्या खोलीत बायकांचा वर्ग.

शेवटपर्यंत

१९१३ मध्ये दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी त्या गुजरात आणि काठियावाडात गेल्या. पुण्यात मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून चळवळ केली. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून १९२१-२२ मध्ये त्या पुढे होत्या. आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जायच्या आणि यात्रेतल्या बायकांना लागेल ती मदत करायच्या.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजारावर बायका शिकत होत्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्ट खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

नवऱ्याबरोबर त्यांनी २७ वर्षं काढली आणि त्याच्यानंतर २३. लोकांना पहिली २७ माहीत आहेत. त्या बायकांना उपयोगी पडली ती मात्र नंतरची २३.

आज काय करता येईल?

रमाबाईंची गोष्ट वाचून एक चूक व्हायची शक्यता आहे. त्या स्वतःच सावरल्या, मग आपणही दात-ओठ खाऊन सावरायचं, असं वाटू शकतं. त्यांच्याकडे वाडा, शिक्षण आणि साथ देणारी माणसं होती, हे विसरायला नको. शिवाय त्यांनी जे उभं केलं ते नेमकं यासाठीच, की बाकीच्या बायकांना एकटीने सावरावं लागू नये.

आज मदत मिळवणं त्या मानाने सोपं आहे. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावला की कुठल्याही वेळी बोलता येतं, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. बारामतीत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ऑनलाइन समुपदेशनामुळे इंदापूरच्या वाडीवस्तीवरचा माणूसही मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाशी बोलू शकतो. मात्र समोरच्या माणसाचं शिक्षण आणि नोंदणी विचारून घ्यावी. आणि जीव द्यावा असे विचार येत असतील, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच फोन लावावा, जवळच्या माणसाला सांगावं किंवा दवाखाना गाठावा.

आणि ज्यांच्या घरी दुःख झालेलं नाही, त्यांच्यासाठीही या गोष्टीत एक काम आहे. चौदाव्या दिवशी गाड्या निघून गेल्यावर, पंधराव्या दिवशी त्या घरी जाऊन बसायचं. सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं.

येरवड्याच्या तुरुंगात रमाबाईंनी सुरुवात तिथूनच केली होती.